संत्रं खरं, लेबल खोटं

९ मे २०२५, संध्याकाळचे साडेसात. मी कूलरमध्ये पाणी भरत होते तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या काकू. भिंतीवर दोन टकटक केल्या तरी ऐकू येईल इतक्या जवळ राहतात, पण फोनच करतात.

"घरात पैसे आहे का गं? नसंल तर आत्ताच काढून आण. दोन-तीन दिवस एटीएम बंद होऊन राहिले."

"कोण म्हणतं, काकू?"

"ग्रुपवर आलं ना बाप्पा!"

सोसायटीच्या ग्रुपवर खरंच आलं होतं. पाकिस्ताननं बँकांवर व्हायरस सोडलाय, आजच पैसे काढा, आपल्या माणसांना कळवा. मेसेजच्या डोक्यावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे निदान पाच हातांतून फिरत आलेला. ऑपरेशन सिंदूरचा तो तिसरा दिवस. टीव्ही दिवसभर सायरन वाजवत होता. मी चप्पल घातली आणि निघाले. हा लेख लिहिणारी बाईही निघाली, हे आधीच कबूल केलेलं बरं.

चौकातल्या एटीएमसमोर वीस-बावीस माणसं होती. एरवी तिथं कुत्रं झोपलेलं असतं. साडेनऊच्या सुमारास मशीनमधली रोकड संपली आणि पडद्यावर 'सेवा उपलब्ध नाही' आलं. रांगेतल्या एका मुलानं लगेच त्याचा फोटो काढला. आता मेसेजला पुरावाही मिळाला.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं, म्हणजे पीआयबीनं, हा मेसेज खोटा असल्याचं सांगितलं होतं. एटीएम नेहमीसारखी चालू राहतील, असं बँकाही सांगत होत्या. आमच्या चौकात तेवढं एक रिकामं झालं, ते आमच्यामुळे.

तो मेसेज मुळात लिहिला कोणी? सीमेपलीकडच्या एखाद्या पगारी माणसानं, की इथल्याच एखाद्या रिकामटेकड्यानं? मला माहीत नाही, काकूंनाही नाही. फोनच्या पडद्यावर ते कळत नाही, आणि सगळा खेळ या न कळण्यावरच चालतो. लोकशाही देशांनी परदेशी अपप्रचारापासून स्वतःला वाचवायचं कसं, यावर मोठमोठ्या परिषदा होतात. विषय मात्र या रांगेतच उभा असतो.

चूक, थाप आणि बनाव

तीन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट 'फेक न्यूज' म्हणतो.

पहिली, साधी चूक. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तब्बल ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली. आपल्याला तर खरंच वाटलं, मे महिन्यात नागपूरकराला कुठलाही आकडा खरा वाटतो. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. यात कोणाचा डाव नव्हता. ज्यांनी फॉरवर्ड केलं त्यांनी घामेजल्या बोटांनी, प्रामाणिकपणेच केलं.

दुसरी, जाणूनबुजून पसरवलेलं खोटं. याला या लेखात मी 'अपप्रचार' म्हणणार आहे.

तिसरी सगळ्यात चकवणारी. तिच्यात मजकूर खोटा असायलाच हवा असं नाही. हिवाळ्यात कितीतरी शहरांत पंजाबचा किन्नू 'नागपुरी संत्रं' म्हणून विकला जातो. किन्नू हे काही बनावट फळ नाही. गोड असतं, रसही निघतो. खोटं असतं ते पेटीवरचं लेबल. तसंच, एखादा फोटो खरा असतो, रागही खरा असतो, पण 'मी तुमच्याच गावचा' असं सांगून तो टाकणारा माणूस दुसऱ्या देशात पगारावर बसलेला असतो. हा बनाव. युरोपीय संघ याला परकीय माहिती-हेराफेरी आणि हस्तक्षेप म्हणतो आणि मजकुराइतकंच वागणुकीकडे बघतो. खातं कोण चालवतं? पैसे कोण देतं? शंभर माणसं एकाच मिनिटाला एकच वाक्य कसं काय लिहितात?

हा फरक नीट धरून ठेवा, पुढे कायद्याची गोष्ट निघाली की लागेल.

सुरुवात दिल्लीच्या एका पेपरातून

हे सगळं मोबाईलमुळे सुरू झालं असं वाटत असेल तर ४० वर्षं मागे जाऊ. जुलै १९८३ मध्ये दिल्लीहून निघणाऱ्या 'पेट्रियट' या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा स्वतःला अमेरिकेतला नावाजलेला शास्त्रज्ञ म्हणवत होता. दावा असा की एड्स हा रोग अमेरिकी लष्करानं मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत तयार केला, आता हे प्रयोग पाकिस्तानात हलवले जाताहेत आणि भारताला धोका आहे.

पत्र कुठल्याही शास्त्रज्ञाचं नव्हतं. ते सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीचं काम होतं.

त्यानंतर दोन वर्षं फारसं काही झालं नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता' या साप्ताहिकानं तीच गोष्ट छापली आणि हवाला कोणाचा दिला? भारतीय वृत्तपत्राचा. म्हणजे स्वतःच पेरलेलं स्वतःच उपटून 'बघा, भारतात उगवलंय' म्हणून दाखवलं. पुढे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी हात लावला. तिथल्या याकोब झेगाल नावाच्या जीवभौतिकशास्त्रज्ञानं शास्त्रीय वाटेल असा अहवाल लिहिला. १९८७ पर्यंत ही कथा ८० हून जास्त देशांत, ३० हून जास्त भाषांत पोचली होती. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी हेरखात्याचे तेव्हाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी यामागे आपल्याच यंत्रणेचा हात असल्याचं मान्य केलं. कबुलीला नऊ वर्षं लागली, आणि तोवर कथा जगभर फिरून आली होती.

ही पद्धत आजही तीच आहे, म्हणून जरा इथं रेंगाळते. चोरीचं सोनं कोणी तसंच विकत नाही. ते वितळवतात, नवा दागिना घडवतात, दोन दुकानं फिरवतात. तिसऱ्या दुकानात पावतीसुद्धा मिळते. बातमीचंही तसंच. निनावी पत्र, त्यावरून साप्ताहिक, त्यावरून 'तज्ज्ञांचा अहवाल', त्यावरून कुठलातरी तिसरा पेपर. शेवटच्या वाचकाला दिसतो तो फक्त तिसरा पेपर.

आणि त्या पत्रात खऱ्याचा अंश होता. फोर्ट डेट्रिक ही जागा खरी होती, १९६९ पर्यंत तिथं जैविक अस्त्रांवर काम चालत होतं हेही खरं. १९८३ मध्ये एड्सबद्दल डॉक्टरांनाही फार काही कळलेलं नव्हतं. भारत आणि पाकिस्तान यांच्यातला संशय तर घरचाच. पितळेवर सोन्याचं पाणी नीट चढवलं होतं.

दोन मोर्चे, एकच ऑफिस

आता २०१६ मध्ये या. अमेरिकेत टेक्सास राज्यातलं ह्यूस्टन शहर, तारीख २१ मे. एका इस्लामी केंद्रासमोर रस्त्याच्या एका बाजूला लोक जमले, टेक्सासचं इस्लामीकरण थांबवा म्हणत. त्यांना बोलावलं होतं 'हार्ट ऑफ टेक्सास' नावाच्या फेसबुक पानानं. दुसऱ्या बाजूला त्यांना विरोध करणारे जमले. त्याच वेळी, त्याच जागी एक कार्यक्रम ठेवला होता 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' या पानानं. मध्ये पोलीस.

दोन्ही पानं चालवत होती एकच संस्था. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गची 'इंटरनेट रिसर्च एजन्सी'. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष रिचर्ड बर यांनी नंतर सांगितलं की हे सगळं घडवायला जाहिरातींवर सुमारे २०० डॉलर खर्च आला. आपल्याकडच्या एका बऱ्या मोबाईलची किंमत. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेनं १३ रशियन नागरिक आणि ३ कंपन्यांवर आरोपपत्र ठेवलं. संस्था आपणच स्थापन केली, असं येवगेनी प्रिगोझिन यांनी २०२३ मध्ये स्वतःच सांगून टाकलं.

नागपूरच्या व्हेरायटी चौकात समोरासमोर घोषणा देणारे दोन जमाव डोळ्यांसमोर आणा. माणसं खरी, राग खरा, घसे खरोखर बसलेले. आणि दोघांचाही आयोजक हजारो किलोमीटरवर चहा पीत स्क्रीन बघतोय.

त्या ऑफिसानं टेक्सासमधली तेढ तयार केली का? नाही, ती आधीच होती. पावसाचं पाणी स्लॅबला भेग पाडत नाही, असलेली भेग शोधतं. जुलैत घरात ओल आली की आपण पावसाला शिव्या देतो. मिस्त्री मात्र आल्याबरोबर विचारतो, मे महिन्यात गच्ची का नाही बघितली?

आपली भेग बघायला टेक्सासपर्यंत जायला नको. १७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात काय झालं ते नागपूरकर विसरलेले नाहीत. दिवसा आंदोलन, मग एका चादरीवरून अफवा, रात्रीपर्यंत दगडफेक आणि जाळपोळ, नंतर शहराच्या अनेक भागांत संचारबंदी. एका माणसाचा जीव गेला. सायबर पोलिसांनी १४० हून जास्त आक्षेपार्ह पोस्ट आणि व्हिडिओ शोधून ते काढायला लावले. धमकी देणारं एक फेसबुक खातं बांगलादेशातून चालवलं जात असल्याचंही तपासात पुढे आलं, आणि आमच्या नाक्यावर पुढचे चार दिवस चर्चा फक्त त्या खात्याची. मलाही ते ऐकून क्षणभर हलकं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ज्यांनी दगड उचलले ते ढाक्यात नव्हते.

मोबाईलनं मग बदललं काय?

खर्च आणि वेग. केजीबीला १९८३ मध्ये छापखाना लागला, माणसं लागली, दोन वर्षं वाट बघावी लागली. आज दुपारी टाकलेलं संध्याकाळी काकूंकडे पोचतं.

एक जुनी गोष्ट या वेगाला फळते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की तेच वाक्य पुन्हापुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटू लागतं. आपल्याकडे यावर गोष्टच आहे. बोकड घेऊन निघालेल्या ब्राह्मणाला वाटेत तीन ठग वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात, 'महाराज, खांद्यावर कुत्रं कशाला?' विचारतात आणि तिसऱ्या ठगापाशी तो बोकड टाकून पळतो. फक्त आता तीन ठगांऐवजी तीनशे खाती असतात.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचा, २०१८ मधला. ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० गोष्टी तपासल्या तेव्हा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. कारण बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, असं सगळे धरून चालले होते. निघाली माणसं. खोटी बातमी नवी आणि चमचमीत असते, खरी बहुतेकदा कालच्या वरणासारखी.

आवाजही आता बनवता येतो. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी एका पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का आणि एक महिला पत्रकार मतं विकत घेण्याबद्दल बोलताहेत अशी ध्वनिफीत फिरली. बनावट होती. पण तोवर प्रचारबंदीचा काळ सुरू झालेला, खुलासा पोचवायचा कसा? आपल्याकडेही मतदानाच्या आधीचे ४८ तास शांततेचेच असतात. म्हणजे शांतता प्रामाणिक माणसाला, बाकी गोंगाट चालूच.

"पण यानं खरंच कोणाचं मत बदलतं का?"

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि या विषयावर लिहिणारे त्याला बगल देतात.

रशियाच्या त्या एजन्सीचे ट्वीट अमेरिकी मतदारांनी किती पाहिले, यावर २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक शोधनिबंध आला. अवघ्या १ टक्का लोकांच्या वाट्याला ७० टक्के मजकूर आला होता, आणि हे लोक मुळातच कट्टर होते. ट्वीट पाहिल्यानं मत बदललं असा संबंध संशोधकांना सापडला नाही. मे २०२४ मध्ये, आपली लोकसभा निवडणूक चालू असताना, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं इस्रायलमधल्या एका व्यावसायिक कंपनीची मोहीम बंद पाडली. भारतातल्या निवडणुकीवर, भाजपच्या विरोधात, मजकूर तयार करून टाकला जात होता. तो वाचणारे जवळपास कोणीच नव्हते.

मग घाबरायचं कशाला? एका व्हिडिओनं माणूस पक्ष बदलतो असं मला वाटत नाही. पोहे खाताना ज्याच्याशी दहा वर्षं वाद घालतोय त्याचं मत आपल्यालासुद्धा बदलता आलेलं नाही. नुकसान दुसरीकडे होतं. चार वेळा फसल्यावर माणूस शहाणा होत नाही, तो म्हणतो, 'जाऊ दे, सगळेच खोटं बोलतात.' यानंतर खरी ध्वनिफीत बाहेर आली तरी पकडला गेलेला पुढारी आरामात म्हणू शकतो, 'हे एआयनं बनवलंय.' डीपफेक, म्हणजे एआयनं बनवलेला हुबेहूब खोटा आवाज किंवा व्हिडिओ, फक्त खोट्याला खरं करत नाही, खऱ्यालाही निसटायला दार उघडून देतं.

रुमानियाचं उदाहरण मला अजून अस्वस्थ करतं. २४ नोव्हेंबर २०२४ ला तिथल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत कालिन जॉर्जेस्कू हे फारसे कोणाच्या खिजगणतीत नसलेले उमेदवार सुमारे २३ टक्के मतं घेऊन पहिले आले. टिकटॉकवर त्यांची लाट आली होती. ती संघटितपणे आणली गेली आणि त्यात बाहेरच्या देशाचा हात आहे, असं गुप्तचर यंत्रणांच्या कागदपत्रांत होतं. ६ डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ती निवडणूकच रद्द केली. मे २०२५ मध्ये पुन्हा मतदान होऊन निकुशोर दान निवडून आले. लोकशाही वाचली म्हणायची का? ज्यांचं मत रद्द झालं त्यांना विचारा. आपलं मत न्यायालयानं चोरलं असंच त्यातल्या कित्येकांना वाटतं, आणि असं वाटणारी माणसं हीच पुढच्या अपप्रचाराची सुपीक जमीन.

"परकीय हात? हे तर पुढाऱ्यांचं जुनं निमित्त!"

बरोबर. सत्तरच्या दशकात इंदिरा गांधींच्या भाषणांत 'परकीय हात' इतक्यांदा आला की त्याचा विनोद झाला. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या मुलाची गत होते ती अशी. आपल्याला न आवडणारं प्रत्येक मत बाहेरून आलेलं ठरवणं, हाही एक प्रकारचा अपप्रचारच.

आणि बाहेरच्यांची गरज लागतेच असंही नाही. एटीएमच्या रांगेच्या त्याच मे महिन्यात आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं रात्रभर सांगितलं. बंदर जागेवर होतं, काम चालू होतं. व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून दोन्ही देशांत फिरली. काकूंनी मला तेही पाठवलं होतं, मी बघितलंही, आणि अंगावर काटाही आला.

"सगळेच देश करतात, मग रशिया-चीनच वाईट का?"

करतात. करोनाच्या काळात फिलिपिन्समध्ये चिनी लशीबद्दल अविश्वास पसरवण्यासाठी अमेरिकी लष्करानं बनावट खाती वापरली, हे रॉयटर्सनं जून २०२४ मध्ये उघड केलं. लोक लशीअभावी मरत असताना. मे २०२४ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटानं चीनमधून चालणारं एक जाळं काढून टाकलं. त्यातली खाती जगभरातल्या शीख समाजाला उद्देशून, शीख असल्याचं सोंग घेऊन लिहीत होती. डिसेंबर २०२० मध्ये 'ईयू डिसइन्फोलॅब' या युरोपीय गटानं भारताच्या बाजूनं चालणाऱ्या एका जाळ्याचा अहवाल काढला. ७५० हून जास्त बनावट माध्यमं, ११९ देश आणि हयात नसलेल्या एका प्राध्यापकाचं नाव जिवंत असल्यासारखं वापरलेलं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं याच्याशी भारताचा संबंध नाकारला.

'सगळेच करतात' यातून 'मग चालतंय' हे निघत नाही. सगळ्याच बाजारात मापात पाप होतं म्हणून आपण तराजूकडे बघायचं सोडत नाही.

"मग सरकारनं बंदीच घालावी ना!"

काकूंचं मत हेच. 'एकदा कायदा केला की सरळ होतात सगळे.'

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून असंच काहीसं केलं. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलची कोणती माहिती खोटी वा दिशाभूल करणारी, हे सरकारनंच नेमलेला एक विभाग ठरवणार. त्यानं खोटी ठरवलेली माहिती समाजमाध्यम कंपनीनं ठेवली तर लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी तिला जबाबदार न धरणारं कायद्याचं कवच जाण्याची भीती. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली. प्रकरण गेलं तिसऱ्याकडे, न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे. आपल्या नागपुरातच त्यांनी अनेक वर्षं वकिली केलेली. २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

मला तो निकाल पटतो. पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग २०१९ पासून 'हे खोटं आहे' असं सांगतोच आहे, सांगावंही. पण सांगणं वेगळं आणि दुसऱ्याला बोलू न देणं वेगळं. ज्याचा तराजू त्यानंच मापं तपासायची आणि शेजारच्याचं दुकानही बंद करायचं, असं कळमना मार्केटमध्येसुद्धा कोणी चालवून घेणार नाही.

खरं-खोटं न ठरवताही बरंच करता येतं, आणि हे फार कमी बोललं जातं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनं सांगितलं. हा गतिरोधक. गतिरोधक गाडीत कोण बसलंय ते विचारत नाही.

दुसरा उपाय लेबलाचा, म्हणून मघाशी तो फरक धरून ठेवायला सांगितला होता. जाहिरातीचे पैसे कोणी दिले ते दाखवा, खातं कुठून चालतं ते दाखवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'एक्स'नं, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरनं, खात्याचा देश दाखवायला सुरुवात केली आणि कट्टर अमेरिकी म्हणवणारी काही खाती भलत्याच देशांतली निघाली. ही माहितीही दर वेळी अचूक नसते, देश लपवता येतो. तरीही बघा, इथं कोणाचं तोंड बंद करावं लागलं नाही. किन्नू विका, पण किन्नू म्हणून.

ज्यांना रोजच झेलायचंय त्यांनी काय केलं

तैवानचं मला फार आवडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं अफवा उठली की मास्क बनवायला टॉयलेट पेपरचाच कच्चा माल वापरतात, आता पेपर संपणार. लोक दुकानांवर तुटून पडले. आपलं एटीएम, त्यांचा टॉयलेट पेपर. पंतप्रधान सू त्सेंग-चांग यांनी स्वतःचं व्यंगचित्र प्रसिद्ध केलं. पाठमोरे उभे, कंबर हलवताहेत, आणि मजकुराचा भावार्थ असा, 'प्रत्येकाला ढुंगण एकच असतं, इतका साठा कशाला?' शेजारी छोटा तक्ता, मास्कचा माल देशातला आणि पेपरचा लगदा दक्षिण अमेरिकेतला. लोक हसले आणि तेच चित्र फॉरवर्ड करत सुटले. खुलासा अफवेपेक्षा चमचमीत केला की तोही पळतो. तेव्हाच्या डिजिटल मंत्री ऑड्री टांग यांनी नंतर सांगितलं की अफवेच्या मुळाशी टॉयलेट पेपर विकणाराच एक जण निघाला. चीनकडे बोट दाखवायला तयार बसलेल्या देशात!

स्वीडननं १ जानेवारी २०२२ पासून मानसिक संरक्षणासाठी, म्हणजे परदेशी अपप्रचार ओळखून लोकांना सावध करायला, वेगळी सरकारी संस्थाच सुरू केली. फिनलंड शाळेपासून सुरुवात करतं. गणिताच्या तासाला आलेखाची पट्टी ताणून आकडा कसा फुगवतात ते मुलं शिकतात.

यामागे लसीकरणाची कल्पना आहे. विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञानं ती साठच्या दशकात मांडली, अलीकडे केंब्रिजच्या संशोधकांनी पुढे नेली. एकेक खोटं खोडत बसण्यापेक्षा खोटं बनवायची युक्ती आधीच दाखवून द्यायची. भाजीवाला ताजव्याखाली चुंबक चिकटवतो हे एकदा आईनं दाखवलं की पुढे आयुष्यभर नजर आपोआप ताजव्याखाली जाते. फॉरवर्डची चुंबकं थोडीच आहेत. 'आजच', 'लगेच', अशी घाई. नाव नसलेला मोठा डॉक्टर किंवा लष्करातला मित्र. 'हे टीव्हीवाले दाखवणार नाहीत.' आणि वाचल्या-वाचल्या कोणावर तरी चढणारा संताप. या लशीचा जोर ओसरतो, बूस्टर लागतो, हेही संशोधकच सांगतात.

आम्ही सोसायटीत यातलं थोडं करून पाहिलं. एटीएमच्या त्या रात्रीनंतर पीआयबीच्या फॅक्ट चेकचा व्हॉट्सअॅप नंबर, ८७९९७११२५९, मी काकूंच्या फोनमध्ये टाकून दिला. नाव काय ठेवू विचारलं तर म्हणाल्या, "खरं-खोटं भाऊ." त्या भाऊंना त्यांनी आधी दोन-तीन सुविचार पाठवले. उत्तर येईना म्हणून रागावल्या.

मागच्या आठवड्यात कुठल्याशा तेलात प्लास्टिक सापडल्याचा मेसेज त्यांच्याकडे आला. या वेळी त्यांनी तो पुढे ढकलला नाही. ग्रुपवर फक्त विचारलं, 'हे खरं हाय का, कोणाला माहीत?' तीन तास कोणीच काही लिहिलं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गुलाबाच्या फुलावर 'शुभ रात्री' पाठवलं.